नऊ झाकणं आणि एक घोट पाणी

६ ऑगस्ट

ताई,

पहिल्या तासाला काय खर्च आला तो आधी सांगतो, बाकीचं मागाहून. एक नवा शर्ट, मानेला टोचणारा. पडद्यावर दाखवायची एकशे दहा चित्रं, जी हिशेबनिसाला रोज संध्याकाळी डांबून करून घेतली. तो आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो. कारखान्यातला एक अख्खा दिवस, ज्या दिवशी मी जागेवर नव्हतो म्हणून निळी झाकणं हिरव्या डब्यांवर बसून गिऱ्हाइकाकडे रवाना झाली. घशाच्या गोळ्यांचं एक पाकीट. तुझ्या भावजयीची झोपही खर्ची टाकणार होतो, कारण भाषणाची तालीम तिच्यासमोर केली. पण ती म्हणाली, "ती जमेला धरा. एवढी गाढ झोप वर्षभरात लागली नव्हती."

तर बातमी अशी की तुझा धाकटा भाऊ मास्तर झाला! हसून घे. हसून झालं की पुढे वाच.

इथल्या डिझाइन कॉलेजच्या प्राचार्याबाई स्वतः कारखान्यात आल्या. म्हणाल्या, "तुम्ही तीस वर्षं झाकणं बनवताय. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सत्र झाकण शिकवा." मी दहावीला गचकलेला माणूस. तोंडाने "बघतो, वेळ जमवतो" म्हणालो आणि आतून अशी उडी मारली की छताला डोकं लागायचं बाकी राहिलं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "काय? काय?" करतेस, मी ओरडतो, आणि शेजाऱ्यांना वाटतं भावंडांची वाटणी चाललीय. तुझे कान सुटीवर गेल्यापासून पत्रच बरं.

वर्गात नऊ जण. सलग दोन तास बोललो. पत्रा, प्लास्टिक, आटे, रबरी कडी, बिजागऱ्या, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी विचारलं, "समजलं?" नऊच्या नऊ एका सुरात, "समजलं, सर!" एकालाही शंका नाही, इतकं लख्ख शिकवलं गेलं. फक्त एकाने विचारलं, हे परीक्षेला आहे का.

तू चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलास, तुला मी काय सांगणार. पण खरं सांगू? शिकवणं वाटतं तेवढं अवघड नसतं गं. माहिती हवी आणि आवाज हवा.

तुझा,
धाकटा


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लांबून एवढं मोठं कार्ड पाठवायचं आणि त्यावर लिहायचं काय, तर एक ओळ: "नऊ जणांना एकदम सगळं समजलं, याचा अर्थ कुणालाच काही समजलं नाही."

दोन दिवस तुझ्यावर रागावून होतो. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये गेलो. खांबाच्या अलीकडे मी, पलीकडे माझा वर्ग. माझे कान तुला माहीत आहेत. बारा यंत्रं चालू असली तरी कुठल्या यंत्राचं झाकण नीट बसत नाही ते मी दारातून सांगतो. तर पलीकडून ऐकू आलं:

"सरांचं झाकण एकदा उघडलं की लागतच नाही रे."

"आटे झिजलेत."

"फेकून नवीन आणा."

हशा! आणि खोटं कशाला बोलू, विनोद चांगला होता. चहा नाकातून यायचा राहिला. बोलणारा तो उंच पोरगा. मी त्याला मोजपट्टी म्हणतो, कारण खिशात पट्टी ठेवतो आणि सँडविचसुद्धा मोजून खातो.

आणखी एक गोष्ट मागच्या पत्रात गाळली होती. तास संपल्यावर प्राचार्याबाईंनी मला बोलावलं होतं. फार गोड बोलल्या. "मुलं म्हणतात, सर सुंदर बोलतात. काय बोलले ते विचारलं की मात्र एकमेकांकडे बघतात."

आता खरी काळजी सांगतो. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एक डबा करून द्यायचा आहे, झाकणासकट, आणि तो एका हाताने उघडता आला पाहिजे. इथल्या इस्पितळात एक वॉर्ड आहे, तिथे झटका येऊन एक बाजू गेलेली माणसं हात-पाय पुन्हा चालवायला शिकतात. परीक्षा तिथेच होणार. बाहेरचे परीक्षक येणार, चित्रांची वहीही तपासणार.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं नाव मी खोडरबर ठेवलंय. काढते आणि पुसते. पुन्हा काढते, पुन्हा पुसते. कागदाला भोक पडेपर्यंत. हात असा की एका रेघेत डब्याचं पोट उभं करते. मी तीस वर्षं डबे करतोय, मला कळतं. पण शेवटच्या दिवशी तिच्या हातात द्यायला काही नसतं. याच विषयात दोनदा नापास झालीय. तिसऱ्यांदा झाली की नियमाप्रमाणे नाव काढून टाकतात. तिच्या वडिलांनी तयारीही करून ठेवलीय: आत्याचं चपलांचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसवणार. हे मला तिने नाही सांगितलं, मोजपट्टीने सांगितलं. ती कँटीनमध्ये हसतही नव्हती. चहात बोट बुडवून टेबलावर काहीतरी काढत होती आणि तळहाताने पुसत होती.

ताई, हिला वाचवायची आहे. कसं, ते सांग. थट्टा नंतर कर, माझ्याकडे राखून ठेव.

तुझा,
झिजलेले आटे


२ सप्टेंबर

ताई, ताई, ताई!

चौतीस वर्षं आम्हाला वाटायचं की तुझी दाढ दुखते! आईने लवंगेच्या तेलाची बाटली तुझ्या पिशवीत टाकली होती, आठवतंय? आणि तू आत्ता सांगतेस की मुलं पाटीवर बेरीज करायला बसली की तू तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचीस, कारण "नाहीतर त्यांचं उत्तर माझ्या जिभेवरून बाहेर पडतं." एवढं मोठं गुपित, आणि घरात कुणाला पत्ता नाही!

केलं. तू सांगितलंस तसंच केलं. एका तासाला एकच गोष्ट. "समजलं का" विचारायचं नाही, "करून दाखव" म्हणायचं. आणि करायला लागले की घोट.

पहिल्या दिवशी फक्त एक बरणी आणि एक झाकण घेऊन गेलो. पडदा नाही, चित्रं नाहीत. म्हटलं, "डोळे मिटा. मी झाकण लावतो. लागलं असं वाटलं की हात वर करा." एवढंच. तासभर नुसतं टक्, टक्, टक्! अर्धं लागलेलं, वाकडं लागलेलं, पुरतं लागलेलं. शेवटी एक मुलगी डोळे मिटूनच ओरडली, "सर, फसवताय! हे नाही लागलेलं!" ताई, माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, या तोंडाचं झाकण कापा. आणि तोंडात घोट घेतला. मोजपट्टीने बरणीचं तोंड मोजलं. पुन्हा मोजलं. झाकण बरोब्बर त्याच मापाचं कापायला घेतलं. तोंडही तेवढंच, झाकणही तेवढंच! म्हणजे बसणार कुठे? मला पहिल्या मिनिटाला दिसलं. गालात पाणी, कपाळावर घाम. पाय आपटू की काय असं झालं. अर्धा तास तो घासतोय आणि मी फुगलेल्या बेडकासारखा त्याच्या मागे उभा. शेवटी त्याने झाकण वर धरलं, वर्गाकडे वळला आणि म्हणाला, "तंतोतंत, सर!"

घोट गेला ना सगळा त्याच्या कागदांवर. शर्टावरही. वर्ग लोळला. तो बिचारा ओला होऊन झाकण बसवायला बघतोय, ते बसत नाही, आणि मग त्याने बरणीच्या कडेवरून नख फिरवलं. म्हणाला, "थोडी जागा सोडायला हवी होती."

ती थोडी जागा, ताई! पहिल्या तासाला तिच्यावर मी वीस चित्रं दाखवली होती. एकाच्याही डोक्यात शिरली नव्हती. आता ती त्याच्या डोक्यातून जन्मात जायची नाही.

आता सगळे तासाला येताना माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवतात. मी उगाच बोलायला लागलो की मोजपट्टी पेला दोन बोटांनी पुढे सरकवतो.

खोडरबर? पुसतेय. तिच्या बाकाखाली रबराचा चुरा पडलेला असतो, झाडूवाल्या मावशी माझ्याकडे बघतात.

तुझा,
बेडूक


२५ सप्टेंबर

ताई,

आम्ही इस्पितळात गेलो होतो! मुलांनी आपापले कच्चे डबे नेले, पुठ्ठ्याचे, लाकडाचे. वॉर्डात बँकेतले एक निवृत्त कॅशियर आहेत. उजवा हात गेलाय, जीभ थोडी जड आहे, पण डोळे अजून नोटा मोजल्यासारखे माणसं मोजतात. बायको खुर्ची लावून शेजारी. मुलांनी एकेक डबा त्यांच्यापुढे ठेवला. ते डाव्या हाताने धरायचे, झाकण हलवून बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे हो. फार छान."

मुलं हवेत! मी मात्र सावध. कारण हे "छान" मला ओळखीचं आहे. ऑर्डर द्यायची नसलेलं गिऱ्हाईक हेच "छान" म्हणतं, शेवटी जरा लांबवून, आणि माल परत टेबलावर ठेवताना.

पण बोललो नाही गं! पायऱ्या उतरताना एकच गोष्ट सांगितली, "उद्या कुणीही काही विचारायचं नाही. डबा ठेवायचा, लांब बसायचं. माणूस आपणहून दुसऱ्यांदा हात लावतो का, एवढंच बघायचं."

दुसऱ्या दिवशी आठ डबे ठेवले. कुणीही, कुठल्याच डब्याला, दुसऱ्यांदा हात लावला नाही. परतताना अशी शांतता की बसमधल्या बायकांना वाटलं, आम्ही कुणाला पोचवून आलोय. आणि त्याच शांततेत मोजपट्टी म्हणाला, "सर, म्हणजे आपण आत्ता सुरुवात करतोय." मी त्याला मिठी मारणार होतो, पण पट्टी टोचली असती.

आठच डबे म्हणतोय, कारण खोडरबरकडे न्यायला काही नव्हतं. पण ती दोन्ही दिवस आली. भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिली. आणि तिसऱ्या दिवशी, सुटी असताना, एकटी गेली. हे मला कॅशियरांच्या बायकोने सांगितलं. "तुमची ती गप्प मुलगी आली होती. चांगली आहे. पण बोलत का नाही हो?"

आता जरा शेखी मिरवू दे. शिक्षकांच्या खोलीत रंग शिकवणारे सर आहेत, वाणीने फार गोड आणि म्हणून जास्तच टोचणारे. म्हणाले, "त्या मुलीवर कशाला वेळ घालवताय? दोनदा बघून झालंय आमचं." माझं डोकं सटकलं. पेला जवळ नव्हता. सगळ्यांसमोर म्हणालो, "पास सोडा. नऊ जणांत पहिली आली नाही, तर ही मिशी उतरवीन!"

तुला माहीत आहे ना ही मिशी? कारखान्याच्या पहिल्या यंत्राबरोबरची आहे. प्राचार्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. रंगवाल्या सरांनी तारीख विचारून घेतली.

तुझा,
अजून तरी मिशीवाला


१४ ऑक्टोबर

ताई,

तुझा उपाय लागू पडला! तू लिहिलंस की पाटी सारखी पुसणाऱ्या पोराला तू खडू द्यायचीच नाहीस, मणी द्यायचीस. मणी सरकवता येतात, पुसता येत नाहीत. मी काय केलं, खोडरबरच्या बाकावरचे सगळे कागद उचलले आणि लाकूड, बूच, रबर आणि एक छोटी करवत ठेवली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा श्वासच उचलून नेला.

चार दिवसांनी डबा उभा राहिला! तळ जड, खाली रबर, म्हणजे टेबलावरून सरकत नाही. झाकण दोन बारीक खिळ्यांवर तोललेलं. अलीकडची कड तळहाताने नुसती दाबली की पलीकडची उचलते, त्याच हाताची बोटं आत जातात. हात काढला की झाकण आपल्या वजनाने खाली. बोटांचा जोर लागत नाही. बघून मी नाचायचा राहिलो.

पण ताई, आवाज नाही. कडेला सगळीकडे बूच लावलेलं. लागलं की नाही, काही कळत नाही. माझा जन्म त्या टक् वर गेलाय! टक् म्हणजे माझं झाकण, हे लोक डोळे मिटून ओळखतात. मला राहवलं नाही. कारखान्यात गेलो, आमच्या उत्तम कारागिराला बसवलं, तिच्याच झाकणाची पत्र्यात नक्कल करून आत एक स्प्रिंग टाकली. काय टक् आला म्हणून सांगू! वाळकी काटकी मोडावी तसा. सकाळी तिच्या बाकावर ठेवलं आणि म्हटलं, "बघ! आता झालं पुरं."

तिने दाबलं. पुन्हा दाबलं. मग खाली ठेवलं आणि म्हणाली, "छान आहे, सर."

शेवटी जरा लांबवून.

ताई, तेच "छान" होतं. मी ते झाकण उचलून खिशात टाकलं. पेला घेतला, मोठा घोट भरला, तिच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि समोर बसून राहिलो. बराच वेळ. मोजपट्टीसुद्धा करवत थांबवून बघत होता. आणि मग ती बोलली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, एका दमात:

"सर, टक् वाजला की त्यांची बायको उठते. मी तीन दिवस बघितलं. कुठलाही डबा हातात घेतला, नुसता वाजला, की ती म्हणते, थांबा थांबा, मी देते उघडून. आणि काढून घेते. ती चांगली आहे सर, प्रेमानेच करते. पण त्यांना कधी उघडूच देत नाही. ते दुसऱ्यांदा हात लावत नाहीत ते म्हणून. त्यांना डबा नुसता उघडता येऊन भागत नाही. कुणाला कळायच्या आत उघडता यायला हवाय."

मी घोट गिळला.

परीक्षेला तीन आठवडे आहेत. ती रोज बूच काढते, पुन्हा लावते. एक दिवस सगळा डबाच मोडून ठेवला होता. माझा जीव टांगणीला. तिचे वडील फाटकाशी भेटले. भला माणूस आहे, दमलेला. म्हणाला, "सर, दुकानात सांगून ठेवलंय पुढच्या महिन्यापासून. तुम्ही तिला उगाच आशा लावू नका." मी म्हणालो, "मी काहीच लावत नाही. हल्ली मी बोलतही नाही."

तुझा,
धाकटा


९ नोव्हेंबर

ताई,

परीक्षा झाली, आणि काय झाली!

चार दिवसांपूर्वी सकाळी वॉर्डात लांब टेबल मांडलं. नऊ डबे! मी तीनदा मोजले. नववा तिचा, बुचावरचा डिंक अजून ओला. परीक्षक दोन: एक गृहस्थ, चष्मा कपाळावर, आणि एक बाई, ज्या प्रत्येक डबा उलटा करून आधी तळ बघत होत्या. मला त्या तिथेच आवडल्या. मी भिंतीला टेकून, गालात पाणी. शेजारी रंगवाले सर, माझ्या मिशीकडे बघत.

मोजपट्टीचा डबा फार सुरेख झाला होता. थोडी जागा सोडलेली, अगदी हवी तेवढी. बाकीच्यांचेही धड होते. मग तिची पाळी. कपाळावर चष्मा असलेल्या गृहस्थांनी झाकण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं आणि विचारलं, "बंद झालं हे कळणार कसं? आवाजच नाही."

ती बुचावरून बोट फिरवतेय.

"विचार केला नव्हता का?"

ती अंगठ्याने टेबलाची कड घासतेय, जणू तीही पुसून टाकणार. ताई, उत्तर माझ्या जिभेवर होतं! पाण्याखाली बुडवून ठेवलं होतं मी त्याला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोजपट्टी माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होता: नाही, सर, नाही.

मग ती म्हणाली, "तुम्ही काकांना काही विचारू नका. काकूंशी बोला. त्यांची पाठ इकडे होऊ द्या."

परीक्षकबाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून कॅशियरांच्या बायकोसमोर बसल्या. "काय हो, घरी कसं चालतं यांचं?"

काकूंना तेवढंच हवं होतं. "काय सांगू बाई, सगळं हातात द्यावं लागतं. कपडे मी, औषध मी. मी नसले तर साधं झाकणसुद्धा उघडायचं नाही यांच्याने..."

आणि त्यांच्या पाठीमागे कॅशियरांनी डावा तळहात झाकणावर ठेवला. आत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. एक काढली. तोंडात टाकली. झाकण खाली. काही नाही, श्वासाएवढाही आवाज नाही. मग दुसरी. दुसऱ्यांदा हात लावला, ताई! काकू बोलतायत, परीक्षकबाई "हं, हं" करतायत, सगळा वॉर्ड बघतोय, आणि तो माणूस चेहरा बँकेत ठेवतात तसा ठेवून तिसरी काढतोय. तेवढ्यात काकू थांबल्या. न वळता म्हणाल्या, "पेपरमिंटचा वास कुठून येतोय?"

वॉर्ड फुटला हसून. पलंगावरचे, खुर्चीवरचे, नर्सा, सगळे. काकू वळल्या, नवऱ्याच्या फुगलेल्या गालाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. हात पुढे गेला, सवयीने, डबा घ्यायला. मग अर्ध्या वाटेत थांबला आणि मागे आला. त्यांनी तो पदरात गुंडाळून धरला. म्हणाल्या, "मलाही द्या की एक." आणि कॅशियरांनी दिली. उघडून. डाव्या हाताने.

मी घोट गिळला की भिंतीवर उडवला, आठवत नाही. शर्ट ओला होता एवढं खरं.

आठ डबे टेबलावर परत आले. तिचा आला नाही. कॅशियरांनी तो काखेत धरला आणि परीक्षकांनी मागितला तर म्हणाले, "उद्या या." छान वगैरे काही म्हणाले नाहीत.

काल निकाल लागला. डब्याचे तिला पैकीच्या पैकी. पण निम्मे गुण चित्रांच्या वहीला असतात, आणि वहीत एकही रेघ शिल्लक नव्हती, तिथे शून्य. बेरीज पासाच्या रेघेवर जेमतेम टेकली, पण टेकली! तिचे वडील फाटकाशी आले होते. निकालाचा कागद त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि आत्याला तिथूनच फोन लावला, "ताई, गल्ल्यावर दुसरं कुणीतरी बघ." ती शेजारी उभी होती. हसत होती, आवाज न करता.

वर्गात मोजपट्टी पहिला आला. ती आठवी. मिशी आज सकाळी उतरवली.

तुझा,
धाकटा